नानबान पडदा : सातारच्या मुलांबरोबरच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २१ जून
चित्र ठरलं. कानो नाइझेन (१५७०–१६१६) या जपानी चित्रकाराची नानबान पडद्यांची जोडी, मूळ कोबे शहराच्या संग्रहालयात. प्रत्येक पडदा सहा फळ्यांचा, घडीचा. उंची १५५.५ सेंमी, पूर्ण उलगडला की रुंदी ३६४.५ सेंमी. उजव्या पडद्यावर पोर्तुगीज जहाज जपानी बंदराला लागलंय, माल उतरतोय, कप्तान लवाजमा घेऊन गावात निघालाय. डाव्या पडद्यावर तसंच जहाज परक्या बंदरातून सुटतंय.

'नानबान' म्हणजे दक्षिणेकडचे रानटी. जहाजं दक्षिणेकडून यायची म्हणून हे नाव. जुन्या बंदरांची जी चित्रं मुलांनी पुस्तकात पाहिलेली असतात, ती बहुतेक युरोपियनांनी काढलेली. इथे नजर उलटी आहे, आशियातला चित्रकार टोपीकरांकडे बघतोय. 'टोपीकर' म्हणजे युरोपियन, हा शब्द मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात आहे, मुलांसमोर तोच वापरायचा. 'परदेशी पाहुणे' म्हटलं की चित्रातला सगळा खार निघून जातो.

दुसरं कारण सोयीचं. घडीचा पडदा मुलं स्वतः बनवू शकतात. २४ मुलं, पाचवी ते सातवी. दोन पडदे मिळून १२ फळ्या, फळीला दोघं. शनिवारी दुपारी दीड ते साडेतीन. गणपतीच्या आत संपलं पाहिजे.

मंगळवार, २४ जून
छपाई. आधी अख्खा पडदा ए-फोर कागदावर काढून पाहिला. कागदाच्या रुंदीत बसवला की उंची पावणेतेरा सेंमीच उरते आणि खलाशी मुंगीएवढे होतात. बाद.

मग १२ बाय १८ इंची कागदावर एकेक फळी स्वतंत्र छापली, ४४ सेंमी उंच आणि १७.२ सेंमी रुंद. जोडीला १२ कागद लागले. या मापाला अख्ख्या पडद्याची फाइल निदान आठ हजार पिक्सेल रुंद हवी. दोन हजारांची फाइल ताणली तर चेहऱ्यांचा चिखल होतो आणि चित्राची निम्मी मजा चेहऱ्यांतच आहे. कागद मॅट घ्यावा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट पडली की सोनेरी भागात फक्त ट्यूबलाइट दिसते.

सोनं छापून येत नाही, मोहरीच्या वाटणासारखा पिवळा येतो. म्हणून प्रिंटशेजारी बेगडाचा हातभर तुकडा ठेवायचा: "जिथे जिथे हा पिवळा, तिथे हे समजा."

फळ्यांना नंबर घातले ते डावीकडून. चूक. जपानी पडद्याच्या फळ्या उजवीकडून मोजतात, लिखाणही तसंच चालतं. नंबर पुसून परत घातले.

शनिवार, २८ जून
पहिली बैठक. फक्त उजवा पडदा, तोही पुठ्ठ्यावर चिकटवून नागमोडी उभा केलेला. सतरंजीवर बसून बघायचं. मूळ पडदेही जमिनीवर बसलेल्यांसाठीच असत, उभं राहून वरून पाहिलं तर फळ्यांचे कोन सपाट दिसतात आणि जहाज गल्लीतून डोकावल्यासारखं दिसत नाही.

क्रम असा ठेवला. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आधी कोणी सांगितलेली नको. चोवीस मुलांत सतराव्यापर्यंत माणसं, कपडे, कुत्री, पिंपं, गाठोडी झाली. तिथे अडलं, आणि अडल्यावरच खरं बघणं सुरू झालं. अठराव्याने सांगितलं की ढग जमिनीवर आहेत. त्यानंतरचे सहाही ढगांवरच बोलले.

माहिती या बैठकीत अजिबात द्यायची नाही. 'हे पोर्तुगीज' एवढं जरी आधी सांगितलं तरी मुलं चित्र सोडून सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

दुसऱ्या अर्ध्या तासात खिडक्या. जाड कागदाला ६ बाय ६ सेंमीचं भोक पाडायचं आणि ती चौकट चित्रावर सरकवायची. गर्दीच्या चित्रात मुलांची नजर घसरते, चौकटीत थांबते. एका जोडीने डोलकाठ्यांवर कसरत करणारे खलाशी अशा चौकटीतच पकडले. दोरांना, परबाणाला (शिडाच्या आडव्या काठीला) लटकलेली माणसं मोजायला अकरा मिनिटं गेली. भिंगं आणली होती, पण प्रिंटवर भिंग लावलं की छपाईचे ठिपके दिसतात आणि मुलं ठिपकेच बघत बसतात. भिंगं परत पिशवीत.

शनिवार, ५ जुलै
माणसं. टोपीकर कसे ओळखायचे हे मुलांनीच काढलं: फुगलेल्या घेरदार विजारी, गळ्याभोवती चुणीदार कॉलर, उंच टोप्या, लांब नाकं. काळ्या झग्यातले ते जेझुइट पाद्री. नाकांवर हशा झाला, तो होऊ द्यावा. हसून झाल्यावर विचारायचं: याच चित्रकाराने आपला वर्ग काढला असता तर कशाला हसले असते? उत्तरं बरी आली. दप्तरं, तेल लावलेले भांग, स्पोर्ट्स शूज.

मिरवणूक डावीकडून उजवीकडे येते, जहाजाकडून गावाकडे. जपानी वाचक मात्र उजवीकडून डावीकडे येतो. म्हणजे त्याला आधी गाव भेटतं आणि पाहुणे समोरून येतात, यजमानाला दिसावेत तसे. ही गोष्ट तोंडी सांगून कळत नाही. एका मुलीला पडद्याच्या उजव्या टोकाकडून चालायला लावलं, दुसरीला डाव्या टोकाकडून, दोघी मध्ये भेटल्या. काम झालं.

कप्तानाच्या डोक्यावर धरलेल्या मोठ्या छत्रीला एकाने आब्दागीर म्हटलं. उत्तम शब्द, तोच ठेवला. पण ती धरणाऱ्याबद्दल बोलायला हवंच. लवाजम्यातली सावळी, काळी माणसं हिंदुस्थान, आफ्रिका, मलाया भागातली. त्यांत नोकर होते, खलाशी होते, आणि गुलामही होते. गोवा, मकाव, नागासाकी या तिन्ही ठिकाणी पोर्तुगीज घरांत गुलाम असत. एवढंच, दोन वाक्यांत, आवाज न चढवता सांगितलं. 'म्हणजे विकत घेतलेली माणसं?' 'हो.' मग वर्ग थोडा वेळ गप्प होता आणि गप्प राहू दिला.

इथे एक चूक सहज होते: मिरवणुकीचं नाटक बसवायचं आणि एका मुलाच्या हातात छत्री द्यायची. कोणाला दिली, का दिली, हे पुढे वर्षभर चिडवाचिडवीत निघतं. मिरवणूक करायचीच असेल तर छत्री काठीला बांधून बादलीतल्या वाळूत रोवावी.

शनिवार, १२ जुलै
वाट. फरशीवर कागदाची बंदरं मांडली: गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. साल शेजारी लिहिलं. गोवा पोर्तुगीजांकडे १५१०, मलाक्का १५११, मकावला वस्ती १५५७, नागासाकी बंदर १५७१ पासून. जपानातून त्यांना घालवलं ते १६३९ मध्ये.

खेळ साधा आहे. दोन पाट्या, 'नैर्ऋत्य वारा' आणि 'ईशान्य वारा'. एकजण महिने मोठ्याने म्हणतो, एक मूल जहाज होतं, पाटी योग्य असेल तरच पुढे सरकायचं. एप्रिलमध्ये गोवा सुटलं की त्या पावसाळ्यात मकावपर्यंत जाता येतं. तिथे वारा फिरतो. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुक्काम, जूननंतर नागासाकी, हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परत. जहाज झालेला मुलगा मकावला दहा महिने उभा राहून वैतागला. गोव्याला पोचेपर्यंत दोन वर्षं मोजून झाली होती. साताऱ्यात बसून वाऱ्याचा अभ्यास म्हणजे एरवी नुसतं पाठांतर. बाहेर अजिंक्यताऱ्यावर तोच नैर्ऋत्य वारा ढग आणून ओतत होता, हे मात्र आयतं जमलं.

व्यापार काय होता? चीनचं कच्चं रेशीम जपानला, जपानची चांदी चीनला. मिंग बादशाहीने जपानशी थेट व्यापार बंद केलेला, म्हणून मधला दलाल पोर्तुगीज. मुलांना दलाल म्हणजे काय ते मार्केट यार्डामुळे चांगलं माहीत असतं.

गोव्याचा धागा घोड्याने पक्का केला. १५९१ मध्ये वालिन्यानो हा पाद्री गोव्याच्या व्हाइसरॉयचा वकील म्हणून क्योतोला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेला, नजराण्यात अरबी घोडा होता.

शब्दांचा तक्ता शेवटी. चावी, फीत, पगार, मेस्त्री, घमेलं, पिंप, अननस, काजू, पाद्री हे पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले. 'पिंप' शब्द लिहिला आणि तिघं पडद्याकडे धावली, चित्रातली पिंपं दाखवायला. पाव आपल्याकडे पाव, जपानीत पान. तंबाखू तिकडे ताबाको. साबणाला तिकडे शाबोन म्हणतात, पण मराठी साबण अरबीतूनही आलेला असू शकतो. त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. तक्त्यात एक तरी प्रश्नचिन्ह असावं, नाहीतर मुलं पुढच्या आठवड्यात 'चहा'पासून 'चप्पल'पर्यंत सगळं पोर्तुगीज करून आणतात.

शनिवार, १९ जुलै
आता पडदा बनवणं. विषय मुलांशी बोलून ठरला: साधारण १६०० सालचं दाभोळ बंदर उजव्या पडद्यावर. डाव्यावर तिथला माल चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून पाटण, कऱ्हाडकडे येताना. म्हणजे आपल्या जिल्ह्यात शिरताना. दाभोळलाही अरबी घोडे उतरत, तो धागा चालू राहतो.

माप कागदावरून काढलं. कार्ट्रिज कागदाचा पूर्ण ताव ५६ बाय ७६ सेंमी. फळी २६ बाय ६७ ठेवली की एका तावात पुढची आणि मागची बाजू निघते आणि ४ सेंमीची पट्टी उरते, ती कडांना. प्रमाणही मूळ फळीच्या जवळ येतं. १२ ताव, ३ जादा.

पुठ्ठा पाच प्लायचा. तीन प्लायचा उभा राहतो, पण बिजागरी ओढली की वाकतो. पन्हळी उभी हवी, म्हणजे ६७ सेंमीच्या दिशेने. आडवी घेतली तर फळी मधोमध दुमडते. फ्रीजच्या खोक्यातून कापलेल्या दोन फळ्यांत जुनी घडी होती, त्या बाजूला टाकल्या. घडी कागदाने झाकते, पण जात नाही.

कापायचं काम मोठ्यांनी. पोलादी पट्टी, नवं पातं, तीन हलके वार. एकाच वारात जोर लावला तर पन्हळी चेपते आणि कड चपटी होते.

खळ: मैदा एक वाटी, पाणी सहा वाट्या. मैदा आधी गार पाण्यात पूर्ण कालवून मग मंद आंचेवर आठ-दहा मिनिटं, सतत ढवळत. पारदर्शक झाली की उतरवायची. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तो मुलांच्या कामात नको. त्यामुळे खळ त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायची, या हवेत तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी येते. आज फक्त चारी कडा पट्टीने बंद केल्या.

शनिवार, २६ जुलै
बिजागऱ्या. पडद्याची सगळी करामत यात आहे. जपानी कारागीर कागदी बिजागरी करतात, ती दोन्हीकडे वळते, फळ्यांमध्ये फट राहत नाही आणि म्हणून चित्र एका फळीवरून दुसरीवर सलग जाऊ शकतं.

आपण कागदाऐवजी मांजरपाट घेतलं, खण आळीतून पाऊण मीटर. आधी खळ लावून, वाळवून, इस्त्री करून मग कापायचं, नाहीतर दसड्या (कडेचे सुटे धागे) निघतात. एका जोडाला सहा पट्ट्या, पडद्याला पाच जोड, म्हणजे दोन पडद्यांना ६० पट्ट्या. प्रत्येक पट्टी १०.५ सेंमी उंच, दोन पट्ट्यांत अर्धा सेंमी मोकळं. रुंदी दोन्ही बाजूंना चार-चार सेंमी अधिक फळीची जाडी. जाडी एका फळीची मोजू नये. सहा एकावर एक रचल्या, ३३ मिमी भरल्या, भागिले सहा, साडेपाच मिमी.

जोडणी अशी. पहिली पट्टी डाव्या फळीच्या पुढच्या अंगाला चिकटवायची, दोन फळ्यांच्या मधून मागे न्यायची आणि उजव्या फळीच्या मागच्या अंगाला चिकटवायची. दुसरी पट्टी बरोब्बर उलट, डावीच्या मागून उजवीच्या पुढे. तिसरी पहिलीसारखी. अशा सहा. खळ फक्त चार सेंमीच्या भागाला, जाडीवरून जाणारी साडेपाच मिमीची पट्टी कोरडीच राहिली पाहिजे.

आणि तिथेच बिघडतं. ब्रश भरलेला असला की खळ कडेवर ओघळते, पट्टी जाडीला चिकटते आणि जोड एकाच बाजूला वळतो. दहापैकी तीन जोड असे अडले. ओले असतानाच ध्यानात आल्यामुळे सोडवता आले. वाळल्यावर फाडावेच लागतात. उपाय: कडेवर मेणकागदाची पट्टी ठेवून मग काम करायचं, वाळल्यावर ती ओढून काढायची. पुढच्या वेळी पहिल्या जोडापासून मेणकागद.

शेवटी पहिला पडदा मिटवून उघडला, मग उलटा मिटवला. मुलांनी तो पंधरा वेळा तरी उलटसुलट केला असेल. चित्रापेक्षा बिजागरी जास्त आवडली, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

शनिवार, २ ऑगस्ट
पुढच्या बाजूचे कागद चिकटवले. वरखाली एक-एक सेंमी आत वळवायचा, उभ्या कडांना मात्र अजिबात नाही, तिथे वळवला तर बिजागरी बंद. वेळ संपला, मागची बाजू राहिली.

मंगळवार, ५ ऑगस्ट
राहायला नको होती. कागद वाळताना आकसला आणि बाराही फळ्या धनुकलीसारख्या वाकल्या, मधला फुगवटा दोन बोटं. आज मोठ्यांनीच मागचे कागद लावले, पडदे मिटवून प्रत्येक दोन फळ्यांत रद्दीचे कागद घातले, वर पाट आणि पाटांवर वरवंटे. रद्दी रोज बदलायची.

शनिवार, ९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा, सुट्टी. वजनं काढून पाहिली. दहा फळ्या सरळ, दोन किंचित वाकड्या. चालेल.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर तीन तास. उद्या गोपाळकाला, म्हणून आजच.

पडदे जमिनीवर सपाट पसरून पेन्सिलीने रेखाटन. फळीला दोघं असले तरी जोडावरचं काम शेजारच्या जोडीशी बोलून करावं लागतं. गलबताची नाळ (पुढचं टोक) तिसऱ्या फळीवर आणि बाकीचं जहाज चौथीवर, दोन्हीची उंची जुळेना. मग प्रत्येक जोडावर दोन्हीकडे बारीक जोडखुणा केल्या: पाण्याची रेषा, किनारा, क्षितिज. हे काम रेखाटनाच्या आधीचं.

रंग पोस्टरचे, पाणी कमी. पाणी जास्त झालं की कार्ट्रिज फुगतो आणि खळ सुटते.

खरी झटापट घुमटावर झाली. दाभोळवर वाचून आलेल्या दोघींनी खाडीकाठी अंडा मशीद काढली, सुरेख काढली. पण ती १६५९–६० ची आणि पडदा १६०० चा. खोडायला त्या तयार नव्हत्या. मग परत नाइझेनच्या डाव्या पडद्याकडे गेलो. ते परकं बंदर गोवा किंवा मकाव असावं असं मानतात, पण घरं चिनी धाटणीची आहेत. गोव्यात त्याच सुमारास, १५९४ ते १६०५, बॉम जेझूचं चर्च जांभ्यात उभं राहत होतं, तसलं तिथे काही नाही. चित्रकाराने न पाहिलेलं शहर ओळखीच्या घरांनी भरलं आणि मधल्या जागा सोन्याच्या ढगांनी. मुलांनी नियम केला: माहीत आहे ते काढायचं, माहीत नाही तिथे ढग. मशिदीवर ढग आला, पण त्या दोघींनी कळसाचं टोक ढगातून वर ठेवलं. हा वाद तसाच सोडला. जकातीचं नाकं कसं दिसत असेल? ढग. तांड्याच्या बैलांवर गोण्या कशा लादत? ते एकीच्या आजोबांना माहीत होतं, तिथे ढग नको.

शनिवार, २३ ऑगस्ट
ढग. बाजारात मखरांमुळे बेगड मुबलक. कागदाची पाठ असलेलाच घ्यायचा, नुसत्या प्लॅस्टिकच्या बेगडाखाली खळ वाळतच नाही. १० सेंमीचे चौकोन कापले, मूळ सोन्याचा वर्खही साधारण तेवढ्याच चौकोनात येतो. चौकोन एकमेकांवर चार मिमी चढवून लावले की जोडांच्या बारीक रेषा दिसतात, जुन्या पडद्यांवर जवळून दिसतात तशाच. एका गटाने अख्खा ताव एकदम लावला. गुळगुळीत झाला आणि लग्नाच्या पत्रिकेसारखा दिसला. त्यांनीच काढून चौकोन लावले.

ढगाची कड पुठ्ठ्याच्या साच्यावरून, ओळीने गोलाकार. हाताने कापलेली कड टोकदार होते आणि ढगाचा स्फोट वाटतो. चिकटवल्यावर सुती फडक्याने मधून बाहेर दाबायचं. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून दाबायचा, नखाने नाही, नख उमटतं. एका पडद्याला ४० चौकोन पुरतील असा अंदाज होता, ५८ लागले. मुलांना माहीत नसलेल्या गोष्टी त्यांना वाटल्या त्याहून जास्त निघाल्या.

मांडणी: दोन्ही पडदे सतरंजीवर, फळ्यांमधला कोन काटकोनाहून थोडा जास्त. फार उघडला तर पडतो, फार मिटला तर आतलं दिसत नाही. पालकांना डाव्या बाजूच्या दारातून आत घेतलं, त्यामुळे सगळे आधी कऱ्हाडला पोचले आणि मग दाभोळला. पुढच्या वेळी उजवीकडचं दार उघडायचं.

बाकी काम: डाव्या पडद्याचा तिसरा जोड, खालून दुसरी पट्टी सुटतेय, कोरड्या दिवशी परत लावणे. ठेवताना पडदे मिटवून, बेगडावर बटर पेपर घालून, उभे ठेवणे. आडवे ठेवले तर वर कोणीतरी मखराचं सामान ठेवणारच.